इशाऱ्याची तारीख

शेजारच्या वाड्यावरील एक बाई गेल्या महिन्यात प्रवासविम्याचे कागद घेऊन आमच्या ओसरीवर आल्या. त्यांची मुलगी इंग्लंडात स्विंडनला असते, तिचे बाळंतपण आहे आणि तीन महिन्यांसाठी जायचे आहे. विमा काढून झाला होता, हप्ता भरून झाला होता, आणि त्यांना एकच गोष्ट विचारायची होती. "बाय, मध्येच परत कसली साथ उपटली आणि सरकारने जाऊ नका म्हणून सांगितले, तर हे कागद चालतात की वाया जातात?" मी तीस वर्षे नोंदणी कार्यालयात दस्त तपासण्यात घालवली असल्यामुळे फोंड्यातले आमच्या ओळखीचे लोक कोणताही छापील कागद माझ्याकडे घेऊन येतात. या प्रश्नाचे उत्तर मात्र मला कार्यालयाने शिकवलेले नाही, ते आमच्या घरातल्याच एका प्रकरणाने शिकवले, आणि पुन्हा पुन्हा तोंडी सांगण्यापेक्षा ते एकदा नीट लिहून काढावे म्हणून हा लेख.

माझे थोरले बंधू आणि वहिनी २ मार्च २०२० रोजी दाबोळीहून निघाले आणि मुंबईमार्गे लंडनला व तिथून स्विंडनला मुलाकडे पोहोचले. पॉलिसी भारतातल्याच एका कंपनीची होती. फेब्रुवारीच्या मध्यावर काढलेली, साठ दिवसांची, ३० एप्रिलला संपणारी. परतीचे तिकीट २६ एप्रिलचे होते. ते पोहोचल्यावर नवव्या दिवशी, ११ मार्चला, जागतिक आरोग्य संघटनेने कोविडला जागतिक महासाथ म्हटले आणि त्याच दिवशी भारत सरकारने आपल्या नागरिकांना अत्यावश्यक नसलेला परदेश प्रवास टाळण्याचा सल्ला दिला. १८ मार्चपासून ब्रिटन आणि युरोपीय संघातून भारतात येणाऱ्या प्रवाशांना बंदी झाली आणि २२ मार्चपासून आंतरराष्ट्रीय प्रवासी विमानेच थांबली. दादांचे तिकीट रद्द झाले. पुतण्याने २७ एप्रिलला, म्हणजे मुदत संपायच्या तीन दिवस आधी, पॉलिसी आणखी साठ दिवसांनी वाढवून घेतली. ६ मेच्या रात्री दादांना मुतखड्याची कळ आली आणि त्यांना दोन दिवस रुग्णालयात राहावे लागले.

इंग्लंडमध्ये अपघात विभागातले तातडीचे उपचार परदेशी पाहुण्यालाही विनामूल्य मिळतात, पण वॉर्डात दाखल करून घेतले की तिथून पुढे आकारणी सुरू होते, आणि ती तिथल्या राष्ट्रीय आरोग्य सेवेच्या दराच्या दीडपट असते. दादांचे बिल तीन हजार पौंडांच्या आसपास आले. गंमत अशी की कोविडचे निदान आणि उपचार तिथल्या नियमांनी जानेवारी २०२० च्या अखेरीसच परदेशी पाहुण्यांनाही मोफत केले होते. ज्या आजारासाठी सारे जग घरात बसले होते तो दादांना झाला असता तर एक पौंडही लागला नसता. मुतखड्यासाठी मात्र विमा कंपनीचे दार ठोठावावे लागले.

कंपनीने दावा फेटाळला. पत्रात दोन कारणे होती. पहिले असे, की वाढीव मुदतीची पॉलिसी सरकारने प्रवासाविरुद्ध इशारा दिल्यानंतर घेतलेली आहे. दुसरे असे, की जागतिक आरोग्य संघटनेने ३० जानेवारी २०२० रोजीच आंतरराष्ट्रीय चिंतेची सार्वजनिक आरोग्य आणीबाणी जाहीर केली होती, म्हणजे साथ ही तेव्हापासूनच 'ज्ञात घटना' होती, आणि त्यामुळे मूळ पॉलिसीसुद्धा घटना ज्ञात झाल्यानंतरच काढलेली ठरते. पुतण्याने ते पत्र मला पाठवले आणि मी पॉलिसीची पुस्तिका छापून घेतली. अडतीस पाने होती. आमच्याकडे त्या वेळी टाळेबंदी असल्याने वाचायला वेळ भरपूर होता.

कंपनीची बाजू मुळातूनच खोटी नव्हती, हे आधी मान्य करायला हवे. विमा अनिश्चित घटनेचा असतो. घटना घडायला लागली किंवा घडणार हे उघड झाले की तिच्यावर विमा विकणे म्हणजे उरलेल्या विमाधारकांच्या पैशातून एखाद्याची भरपाई करणे होय. आग लागल्यावर विहीर खणायला घेऊ नये ही आपली म्हण विमा कंपन्यांनी अक्षरशः कलमात उतरवली आहे. सरकारी इशारा त्यांना एवढ्यासाठीच हवा असतो: 'उघड झाले' हे नेमके कोणत्या दिवशी झाले, याचा वाद होऊ नये म्हणून एक बाहेरची, छापील, तारखेची खूण. नोंदणी कार्यालयात आम्ही दस्तावर शिक्का मारायचो तो याच कारणासाठी. प्रश्न एवढाच उरतो की कोणाचा शिक्का धरायचा आणि तो कोणत्या तारखेशी ताडून पाहायचा.

ताडून पाहायच्या तारखा चार असतात: पॉलिसी विकत घेतल्याची, इशारा निघाल्याची, घरातून निघाल्याची आणि आजार सुरू झाल्याची. इशारा आधी निघालेला असेल आणि पॉलिसी नंतर काढली असेल, तर त्या साथीपोटी सहल रद्द झाल्याचे पैसे मिळत नाहीत आणि त्या साथीच्या आजाराचा खर्चही बहुधा मिळत नाही. त्यात फारसे गूढ नाही. आपण तिथे पोहोचल्यानंतर इशारा निघाला तर परदेशी कंपन्यांच्या पॉलिसी सहसा लगेच हात वर करीत नाहीत. कॅनडातल्या काही पॉलिसींत इशाऱ्यानंतर दहा दिवस, किंवा तिथून सुरक्षित बाहेर पडायला वाजवी लागतील इतके दिवस, संरक्षण चालू राहते. ब्रिटिश पॉलिसीही सरकारने सांगितल्याप्रमाणे परतीची खटपट करणाऱ्याला बहुधा सांभाळून घेतात.

सर्वांत घोटाळ्याचा प्रसंग मधला आहे: पॉलिसी काढून झाली आहे, मग इशारा निघाला आहे, आणि आपण अजून निघालेलो नाही. इथे एकाच पॉलिसीतली दोन संरक्षणे एकमेकांकडे पाठ फिरवतात. इशारा पॉलिसी काढल्यानंतर निघालेला असल्यामुळे सहल रद्द करण्याचे संरक्षण, ते घेतलेले असेल तर, लागू होऊ शकते. म्हणजे न जाणाऱ्याला पैसे मिळण्याची वाट मोकळी होते. पण तोच माणूस इशारा न जुमानता विमानात बसला, तर वैद्यकीय संरक्षणाच्या बाबतीत तो इशाऱ्यानंतर निघालेला प्रवासी ठरतो आणि ते दार बंद होते. मी तर हप्ता इशाऱ्याच्या आधी भरला होता, असे म्हणून इथे भागत नाही, कारण वैद्यकीय कलम हप्त्याच्या तारखेकडे न पाहता निघाल्याच्या तारखेकडे पाहते. आमच्या भारतीय पॉलिसींत आणखी एक मेख असते. सहल रद्द करण्याची कारणे त्यांत नावानिशी दिलेली असतात, जसे की जवळच्या नातेवाइकाचा मृत्यू, रुग्णालयात दाखल होणे किंवा नैसर्गिक आपत्ती. आणि सरकारी इशारा हे कारण त्या यादीत पुष्कळदा नसतेच. तेव्हा भारतीय पॉलिसी घेतलेल्या माणसाला इशाऱ्यामुळे एक दार बंद होण्याची भीती असते, पण दुसरे उघडेलच याची खात्री नसते.

इशारा कोणाचा, हा दुसरा मुद्दा पासपोर्टाच्या रंगावर ठरतो असे गोव्यात पुष्कळांना वाटते, कारण आपल्याकडे एकाच घरात एकाकडे भारतीय आणि दुसऱ्याकडे पोर्तुगीज पासपोर्ट असणे नवे नाही. तो खरे तर पॉलिसी कोणत्या देशात काढली आहे यावर ठरतो. कॅनडात काढलेली पॉलिसी कॅनडाच्या सरकारचा इशारा मोजते, ब्रिटनमध्ये काढलेली ब्रिटनच्या परराष्ट्र खात्याचा. कॅनडाने १३ मार्च २०२० रोजी आपल्या नागरिकांना साऱ्या जगातलाच अनावश्यक प्रवास टाळायला सांगितले आणि तो इशारा २१ ऑक्टोबर २०२१ पर्यंत तसाच राहिला. ब्रिटनने १७ मार्च २०२० रोजी तीस दिवसांसाठी म्हणून तसाच इशारा दिला, ४ एप्रिलला तो बेमुदत केला आणि जुलैपासून एकेक देश त्यातून वगळायला घेतला. म्हणजे एकाच दिवशी, एकाच विमानाने, एकाच गावी जाणारे दोन भाऊ असतील आणि त्यांच्या पॉलिसी दोन देशांतल्या असतील, तर एकाला संरक्षण आणि दुसऱ्याला नाही, असे होऊ शकते.

इशाऱ्याचा परिणाम किती खोलवर जातो, यातही देशादेशांत फरक आहे आणि माझ्या मते हाच फरक लोकांना सर्वांत कमी ठाऊक असतो. कॅनडाच्या पुष्कळ पॉलिसींत अपवाद फक्त इशाऱ्याच्या कारणाशी संबंधित आजारापुरता असतो. इशारा कोविडचा असेल तर कोविड वगळला जातो, पण पाय मोडला किंवा हृदयविकाराचा झटका आला तर विमा उभा राहतो. ब्रिटनच्या बहुतेक पॉलिसींत मात्र परराष्ट्र खात्याच्या सल्ल्याविरुद्ध गेलात की सगळी पॉलिसीच निकामी होते. माझा पुतण्या एप्रिल २०२१ मध्ये आजीला भेटायला इकडे येणार होता. त्याला कंपनीच्या प्रतिनिधीने फोनवर स्पष्ट सांगितले, की तुम्ही म्हापशाच्या बाजारात स्कूटरवरून पडलात तरी आम्ही पैसे देणार नाही. तेवढ्यात २३ एप्रिलला ब्रिटनने भारताला लाल यादीत टाकले आणि परतल्यावर एका माणसाला १,७५० पौंड भरून हॉटेलात विलगीकरणात राहणे आले. तो आला नाही. आजीची आणि त्याची भेट पुढेही झाली नाही, पण तो या लेखाचा विषय नव्हे.

ते १,७५० पौंडही विम्यात बसत नव्हते, हे इथेच सांगून टाकते. सक्तीच्या विलगीकरणाचे हॉटेल हा वैद्यकीय खर्च नव्हे, असेच बहुतेक पॉलिसी मानीत. त्या काळात काही देशांनी आणि विमान कंपन्यांनी ही पोकळी आपापल्या परीने भरली. थायलंडने येणाऱ्या पाहुण्याकडे कोविडसाठी एक लाख अमेरिकी डॉलरचा विमा मागितला आणि पुढे ती रक्कम टप्प्याटप्प्याने उतरवत नेली. एमिरेट्सने जुलै २०२० पासून आपल्या प्रवाशांना दीड लाख युरोपर्यंतचे कोविडचे उपचार आणि चौदा दिवसांपर्यंत रोज शंभर युरो विलगीकरणापोटी, तेही विनामूल्य, देऊ केले. आखाती देशांत माणसे असलेल्या आमच्या गावातल्या दोन घरांनी तेवढ्यासाठी तेच विमान निवडले होते.

आपल्याकडे ज्यांना तारवटी म्हणतात, त्या जहाजांवरच्या मुलांना हा सगळा हिशेब लागू नाही, हे त्यांच्या आया विचारतात म्हणून लिहिते. २०२० मध्ये आपले कितीतरी खलाशी जहाजांवर अडकून पडले होते, पण त्यांच्या आजारपणाची जबाबदारी २००६ च्या सागरी श्रम करारानुसार जहाजमालकावर असते; ती प्रवासविम्याची बाब नव्हे.

आता दादांच्या दाव्याकडे परत येते. पुस्तिकेतल्या अपवादांत एक लांबलचक वाक्य होते, आणि तशा आशयाचे वाक्य मी नंतर इतरही भारतीय पॉलिसींत पाहिले आहे. त्याचा अर्थ असा: ज्या देशावर भारताने प्रवासाचे सर्वसाधारण वा विशेष निर्बंध घातले आहेत किंवा पुढे घालील, तसेच ज्या देशाने भारतीय नागरिकांच्या प्रवासावर निर्बंध घातले आहेत किंवा पुढे घालील, अशा देशातल्या प्रवासाला संरक्षण नाही. यातले 'पुढे घालील' हे शब्द मोठे घातक आहेत, कारण त्यांच्या आधारे तुम्ही सरळपणे गेल्यानंतरही कंपनी मागे फिरू शकते. पण त्या वाक्यात 'निर्बंध' हा शब्द होता, 'सल्ला' हा नव्हता. दस्त तपासणाऱ्याला या दोन शब्दांतले अंतर सांगावे लागत नाही. ११ मार्चला भारत सरकारने दिला तो सल्ला होता. १८ मार्चला घातला तो निर्बंध खराच, पण तो ब्रिटनहून भारतात येण्यावर होता, भारतातून ब्रिटनला जाण्यावर नव्हता, आणि दादा तर जायचे ते सोळा दिवसांपूर्वीच जाऊन बसले होते. सरकारने त्यांना घरी येऊ दिले नाही म्हणून ते तिथे राहिले. तिथे राहण्यासाठी त्यांनी सरकारचे काही मोडले नव्हते.

३० जानेवारीचा मुद्दा मला अधिक चुकीचा वाटला, आणि आजही तो पुष्कळांच्या डोक्यात असतो म्हणून त्यावर थोडे थांबते. जागतिक आरोग्य संघटनेची आणीबाणीची घोषणा हा प्रवासाविरुद्धचा इशारा नसतो. ३० जानेवारीला त्या संघटनेने प्रवासबंदीची शिफारस केलेली नव्हती. एमपॉक्ससाठी, म्हणजे पूर्वीच्या मंकीपॉक्ससाठी, तिने अशी घोषणा जुलै २०२२ मध्ये केली आणि पुन्हा ऑगस्ट २०२४ मध्ये केली, तरी त्या काळात लोक सुखाने जगभर हिंडत होते आणि विमाही चालू होता. संघटनेने प्रवासच टाळायला सांगितल्याची उदाहरणे निराळी आहेत. सार्सच्या वेळी एप्रिल २००३ मध्ये तिने टोरांटोसाठी तसे सांगितले होते आणि आठवडाभरात ते मागेही घेतले होते. सार्सनंतरच अनेक विमा कंपन्यांनी आपल्या कागदांत साथरोगाचे अपवाद घालायला सुरुवात केली. त्याही आधी, १९९४ मध्ये सुरतेत प्लेगची साथ आली तेव्हा काही आखाती देशांनी भारतातली विमानेच थांबवली होती, आणि आमचे एक मामा रजा संपूनही महिनाभर गोव्यात अडकले होते. तेव्हा विम्याचा कोणी विचारही केला नव्हता. सांगायचे ते एवढेच, की घोषणा, सल्ला आणि निर्बंध या तीन निराळ्या गोष्टी आहेत. पॉलिसीत यांतला कोणता शब्द लिहिला आहे ते पाहिल्याशिवाय कंपनीचे म्हणणे मान्य करू नये.

वाढीव मुदतीचा मुद्दा मात्र खराच अडचणीचा होता. मुदतवाढ ही कायद्याच्या नजरेत जुन्याच कराराची शेपटी की नवा करार, यावर सगळे अवलंबून असते, आणि पुष्कळ कंपन्या ती देताना प्रकृती चांगली असल्याचे आणि दावा केला नसल्याचे नव्याने लिहून घेतात, म्हणजे तिला नवा करारच समजतात. आमच्या सुदैवाने त्या पुस्तिकेतच एक ओळ होती, की मुदतवाढ मूळ पॉलिसीच्याच अटींवर आणि खंड न पडता दिली जाईल. पुतण्याने ती ३० एप्रिलच्या आधी घेतली होती म्हणून खंड पडला नाही. त्याने ती १ मेला घेतली असती, तर माझ्याजवळ लिहायला काहीच उरले नसते.

मी तीन पत्रे लिहिली. पहिल्यात तारखांचा तक्ता दिला, दुसऱ्यात निर्बंध आणि सल्ला यांतला भेद मांडला, आणि तिसऱ्यात मुतखड्याचा साथीशी काय संबंध आहे ते कंपनीने लेखी कळवावे, अन्यथा आम्ही विमा लोकपालांकडे जाऊ, असे लिहिले. गोव्यासाठी विमा लोकपालांचे कार्यालय त्या वेळी मुंबईत होते; आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी लागते, तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही तर लोकपालांकडे जाता येते, आणि कंपनीने नकार दिल्यापासून वर्षभरात जावे लागते. त्यासाठी वकील लागत नाही आणि शुल्कही पडत नाही. तिथवर जायची वेळ आली नाही. दादा-वहिनी जूनच्या शेवटी वंदे भारत मोहिमेच्या विमानाने मुंबईला उतरले, तिथले विलगीकरण संपवून गाडीने निघाले, पत्रादेवीच्या नाक्यावर पुन्हा नाकात काडी घालून घेतली, आणि घरी पोहोचल्यावर पंधरा दिवसांनी कंपनीचे होकाराचे पत्र आले. शंभर डॉलरचे डिडक्टिबल, म्हणजे दाव्यातला आपणच सोसायचा वाटा, कापून बाकीचे पैसे मिळाले.

शेजारच्या बाईंची पुस्तिका मी दोन संध्याकाळी वाचून काढली. त्यांना रक्तदाबाची गोळी चालू आहे आणि ती अर्जात लिहिलेली नव्हती, ते आधी दुरुस्त करून घेतले. इशारे-बिशारे सारे बाजूला राहून दावे अडतात ते बहुधा याच ठिकाणी. साथरोगाबद्दल त्यांच्या पॉलिसीत निराळा अपवाद नाही, कोविड इतर आजारांसारखाच धरलेला आहे, पण 'पुढे घालील' हे शब्द आहेतच. तेव्हा निघण्याच्या आदल्या रात्री आपल्या परराष्ट्र मंत्रालयाच्या आणि आरोग्य मंत्रालयाच्या संकेतस्थळांवर त्या दिवशी जे काही दिसेल ते तारखेसह छापून घ्यायचे, मोपाच्या विमानतळावर मिळेल तो बोर्डिंग पास जपून ठेवायचा, आणि राहणे लांबेल असे वाटले तर मुदत संपायच्या आठवडाभर आधीच मुलीने मुदतवाढ घ्यायची, असे मी त्यांना एका कागदावर लिहून दिले. तो कागद त्यांनी घडी घालून पासपोर्टात ठेवला.

दादांच्या फाइलमध्ये अजून एक नकार पडून आहे. रुग्णालयातून सुटल्यावर स्विंडनच्या औषधदुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्यांचे अठरा पौंड कंपनीने दिले नाहीत, कारण पावतीवर तारीख नव्हती.